फ्लोरिनचे कवच आणि किरणांचा घाव

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवरील टाकीचा नळ गळू लागला. सोलापुरात त्या दिवसांत पाण्याचा थेंब वाया जाणे म्हणजे काय, हे येथे राहणाऱ्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. प्लंबर आले. त्यांनी जुना नळ काढला, आट्यांवर पांढरी, कागदाहून पातळ पट्टी सहा-सात वेढे गुंडाळली, नळ पुन्हा बसवला आणि गळती थांबली. शेजारी उभ्या असलेल्या आठवीतील एका मुलाने विचारले, "काका, ही पट्टी चिकटत नाही, भिजत नाही, मग पाणी कशी अडवते?" प्लंबर म्हणाले, "टेफ्लॉन आहे बाळा. त्याला काहीच होत नाही." मुलगा माझ्याकडे वळला. "सर, काहीच होत नाही म्हणजे काय?"

मी इतिहासाचा शिक्षक. हा प्रश्न खरे तर आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडे जायला हवा होता. परंतु पदार्थांनाही इतिहास असतो, आणि तो राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच उलथापालथीचा असतो, असे मला वाटत आले आहे. पट्टी पाणी कशी अडवते, याचे उत्तर सोपे होते. ती मऊ असते, आट्यांच्या फटींत दाबली जाऊन बसते आणि निसरडी असल्यामुळे नळ आणखी घट्ट आवळता येतो. "काहीच होत नाही" या वाक्याचा मात्र पुढे अनेक दिवस पाठपुरावा करावा लागला. ते वाक्य अर्धे खरे आहे, असे माझ्या ध्यानात आले. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

कोणत्याही गोष्टीला दाद न देणाऱ्या या पदार्थाचा जन्म सर्वाधिक झोंबणाऱ्या मूलद्रव्यापासून झाला आहे. फ्लोरिन हा फिकट पिवळसर वायू काचेला, धातूंना, पाण्याला, जवळजवळ प्रत्येक गोष्टीला भिडतो. एकोणिसाव्या शतकात त्याला त्याच्या संयुगांतून मोकळे करण्याच्या प्रयत्नांत बेल्जियमचे लुये आणि फ्रान्सचे निकलेस यांचे प्राण गेले. आयर्लंडचे नॉक्स बंधू विषबाधेने दीर्घकाळ आजारी राहिले. अखेर पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ यांनी थंड केलेल्या हायड्रोजन फ्लोराइडमध्ये पोटॅशियमचा क्षार विरघळवून, प्लॅटिनमच्या उपकरणातून वीज सोडून फ्लोरिन वेगळा केला. ती तारीख होती २६ जून १८८६. आपण ज्या दिवशी राजर्षी शाहू महाराजांची जयंती साजरी करतो, तोच हा दिवस. त्या वर्षी महाराज बारा वर्षांचे झाले. हा केवळ योगायोग आहे, पण इतिहासाच्या शिक्षकाला तारखा अशाच लक्षात राहतात. याच तारखेला आपल्याला पुढे पुन्हा भेटायचे आहे.

दुसरी तारीख ६ एप्रिल १९३८. अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हे तरुण रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटांसाठी उपयोगी पडतील अशा वायूंवर काम करीत होते. टेट्राफ्लोरोएथिलीन या वायूने भरलेले एक नळकांडे त्यांनी व त्यांच्या सहाय्यकाने उघडले, तर वायू बाहेर येईना. नळकांड्याचे वजन मात्र भरलेल्या नळकांड्याएवढेच होते. ते करवतीने कापल्यावर आत मेणासारखी पांढरी भुकटी निघाली. वायूचे रेणू आपणहून हातात हात गुंफून लांबच लांब साखळ्या बनले होते. हा शोध अपघाताने लागला, असे सगळीकडे लिहिलेले आढळते. मला ते अर्धेच पटते. रिकामे वाटणारे नळकांडे फेकून न देता ते वजनात का भरते, असे विचारणे हा अपघात नव्हे.

अशा साखळीला बहुवारिक म्हणतात. आपल्या ओळखीचे पॉलिथीन हेही बहुवारिकच. त्यात कार्बनच्या कण्याला दोन्ही बाजूंनी हायड्रोजनचे अणू लागलेले असतात. त्या प्रत्येक हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवल्याची कल्पना केली की टेफ्लॉनची साखळी डोळ्यांसमोर येते. फ्लोरिनचा अणू हायड्रोजनपेक्षा मोठा असतो. शेजारच्या अणूंची दाटी होऊ नये म्हणून साखळी किंचित पीळ घेते आणि कार्बनचा कणा फ्लोरिनच्या थराखाली पूर्ण झाकला जातो. कार्बन-फ्लोरिन बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल ऊर्जा लागते, कार्बन-हायड्रोजन बंधास सुमारे ४१३. कार्बनशी जोडला गेलेला फ्लोरिन इतका तृप्त असतो की त्याला आणखी कोणाची गरज उरत नाही. म्हणून आम्ल चढत नाही, तेल चिकटत नाही, पाणी भिजवत नाही.

या गुणांचा पहिला मोठा ग्राहक स्वयंपाकघर नव्हते. अणुबाँबसाठी युरेनियम शुद्ध करताना युरेनियम हेक्साफ्लोराइड हा जहाल वायू हाताळावा लागे, आणि त्याच्या झडपांना व सांध्यांना टिकेल असा पदार्थ हवा होता. तो हा. न चिकटणारा तवा फ्रान्समध्ये १९५०च्या दशकाच्या मध्यावर आला.

आपल्याकडील कथा सोलापूरच्या रस्त्यावरचीच आहे. येथून उमरगा, जहिराबाद करीत हैदराबादला जाताना संगारेड्डी मागे पडल्यावर रुद्रारम नावाचे गाव लागते. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथील हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सार्वजनिक कंपनीची उपकंपनी, हिंदुस्तान फ्लोरोकार्बन्स, १९८३ साली स्थापन झाली आणि १९८७पासून रुद्रारमच्या कारखान्यात टेफ्लॉनच्या जातीचे हे बहुवारिक तयार होऊ लागले. प्रक्रिया अशी असते: फ्लोरस्पार या खनिजावर गंधकाम्ल टाकले की हायड्रोजन फ्लोराइड मिळते. (हे खनिज आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आढळते.) त्याची क्लोरोफॉर्मशी क्रिया घडवून एक शीतक वायू करायचा, तो सहाशे-सातशे अंशांना तापवून टेट्राफ्लोरोएथिलीन मिळवायचे, आणि ते दाबाखाली पाण्यात ठेवून त्याच्या साखळ्या घडवायच्या. तयार झालेली भुकटी इतर प्लॅस्टिकप्रमाणे वितळवून साच्यात ओतता येत नाही. ३२७ अंशांना तिचे स्फटिक वितळतात खरे, पण साखळ्या इतक्या लांब असतात की पदार्थ वाहतच नाही. कुंभार माती दाबून आकार देतो आणि मग भाजतो, तसे येथे करावे लागते. आपल्या नळावरची पट्टी मात्र न भाजता नुसती लाटलेली असते, म्हणून ती इतकी मऊ. रुद्रारमचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०२०मध्ये घेतला. या रस्त्याने प्रवास करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना तो कारखाना तेथे होता हे ठाऊक होते, कोण जाणे.

आता साखळीच्या टोकांविषयी. ज्यांच्या घरी माग आहे त्या मुलांना हे लगेच समजेल. चादर मागावरून उतरली की तिच्या दोन्ही टोकांना दशा लोंबत असतात. त्यांना गाठी मारल्या नाहीत तर वीण तेथूनच उसवू लागते. बहुवारिकाच्या साखळीचेही तसेच असते. मधला भाग कितीही भक्कम असला तरी टोकाला कार्बन, ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एखादा कच्चा गट राहून जातो. तापवल्यावर तो तुटतो, बुडबुडे येतात, आम्ल सुटते. टेफ्लॉनच्या साखळ्या फार लांब असल्याने टोके थोडी असतात. पण त्याची जी भावंडे वितळवून तारांवर चढवता येतात, त्यांच्यात हा दोष अधिक जाणवतो. त्यावर उपाय पुन्हा फ्लोरिनचाच. नायट्रोजनमध्ये मिसळून सौम्य केलेला फ्लोरिन वायू गरम दाण्यांवरून सोडला की कच्चे टोक निघून जाते आणि तेथे एक कार्बन व तीन फ्लोरिन यांची पक्की गाठ बसते.

साध्या पॉलिथीनवरही असा हात फिरवता येतो. शुद्ध फ्लोरिन सोडला तर पॉलिथीन पेट घेईल. परंतु नायट्रोजनमध्ये थोडाथोडा मिसळून दिला तर फक्त पृष्ठभागावरचे हायड्रोजन जाऊन तेथे फ्लोरिन येतो. कित्येक देशांत मोटारींच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांतून पेट्रोलची वाफ झिरपू नये म्हणून ही क्रिया केली जात असे. आत पॉलिथीन, वर फ्लोरिनचा अतितलम लेप.

येथवर सारे कवच बांधण्याचे शास्त्र झाले. ते फोडणारा घाव पाहायला मुंबईला, ट्रॉम्बेला जावे लागते. तेथे १९७४ साली 'आयसोमेड' हे देशातील पहिले व्यापारी विकिरण-निर्जंतुकीकरण केंद्र सुरू झाले. दवाखान्यात वापरायची मलमपट्टी, टाके घालण्याचा दोरा, नळ्या हे सारे कारखान्यातून बंद खोक्यांतच येते आणि खोके न उघडता कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूसमोरून फिरवले जाते. त्याचे गॅमा किरण पुठ्ठा, प्लॅस्टिक भेदून जातात आणि आतील जंतू मरतात. वस्तू किरणोत्सर्गी होत नाही. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एका किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळच्या 'कृषक' केंद्रात कांद्याला कोंब फुटू नये म्हणून शंभर ग्रेच्याही आतली मात्रा पुरते. वैद्यकीय साहित्यासाठी सर्वसाधारणपणे २५,००० ग्रे देतात.

ही मात्रा प्रचंड वाटते. पण एक गंमत करून पाहा. एवढी ऊर्जा एक किलो पाण्याला दिली तर त्याचे तापमान जेमतेम सहा अंशांनी वाढेल. आंघोळीचे पाणी कोमटही होणार नाही. मग जंतू मरतात कसे? कारण ही ऊर्जा सर्वांत सारखी वाटली जात नाही. कोबाल्टच्या एका गॅमा कणाची ऊर्जा एका कार्बन-फ्लोरिन बंधाच्या सुमारे अडीच लाख पट असते. विस्तव सगळी पेठ हळूहळू तापवतो. हा मात्र एकेका घरावर कोसळतो.

आता तीच मात्रा टेफ्लॉनला दिली तर काय होईल? ज्याला आम्ल काही करीत नाही, तो पदार्थ किरणांपुढे सर्वांत आधी शरण येतो. हवेत पाच ते दहा हजार ग्रे मिळताच त्याची ताकद निम्म्याहून खाली येते; वैद्यकीय मात्रेपर्यंत तो ठिसूळ होतो. तेच पॉलिथीन याच्या कित्येक पट मात्रा सहज सोसते. म्हणून टेफ्लॉनच्या वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करीत नाहीत. त्यांच्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू किंवा वाफेचा मार्ग धरतात. हे प्रथम वाचले तेव्हा मी पान उलटून पुन्हा वाचले होते. बंध अधिक मजबूत, कवच अधिक दाट, आणि तरीही?

कारण साखळीच्या वागण्यात आहे. पॉलिथीनवर किरण पडला की बहुधा एखादा हायड्रोजन उडून जातो. तो लहान, चपळ. वायू होऊन निघून जातो. मागे राहिलेल्या कार्बनचा एक हात मोकळा होतो. अशा मोकळ्या हाताच्या रेणूला मुक्त मूलक म्हणतात. शेजारच्या साखळीवरही असाच मोकळा हात असला की दोन्ही हात जुळतात आणि साखळ्यांमध्ये आडबंध पडतो. नुसता ताणा होता, त्यात बाणा भरला जातो. पॉलिथीनचे हे वर्तन चार्ल्सबी यांनी इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकारंभी दाखवून दिले, आणि आज विजेच्या केबलींची वेष्टने अशा रीतीने पक्की करतात. टेफ्लॉनमध्ये फ्लोरिन अवजड. शेजारच्या साखळ्या ताठ, पिळाच्या आणि आपापल्या कवचात बंद. हात हाताला पोहोचत नाही. कणा तुटला की दोन टोके तशीच राहतात, आणि हवेतील ऑक्सिजन येऊन त्यांना चिकटतो. मग ती टोके पुन्हा कधीच जुळत नाहीत. तेथे कच्चे आम्लगट तयार होतात आणि आर्द्रतेने हायड्रोजन फ्लोराइड सुटते. फ्लोरिनने ज्या दशांना गाठी मारल्या होत्या, त्यांच्या जागी किरण हजारो नव्या दशा सोडतो. किरण बंद केल्यावरही अनेक मूलक कवचात अडकून महिनोन्महिने जिवंत राहतात.

या दुबळेपणाचाही माणसाने उपयोग करून घेतला. टेफ्लॉन वितळून वाहत नाही, म्हणून त्याचे कातरण पुन्हा वापरणे कठीण. परंतु त्याला शेकडो किलोग्रे मात्रा दिली की ते इतके ठिसूळ होते की दळून काही मायक्रॉनची पूड करता येते. छपाईच्या शाईत, वंगणात, इतर प्लॅस्टिकांत ही पूड निसरडेपणासाठी घालतात. टाकाऊ टेफ्लॉनवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून अशी पूड करण्याचे प्रयोग ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनीही केले आहेत. दुसरीकडे, १९९०च्या दशकात जपान व चीनमधील संशोधकांनी एक वेगळी वाट काढली. टेफ्लॉन वितळण्याच्या थोडे वर, ३४० अंशांच्या आसपास तापवले आणि ऑक्सिजन पूर्ण दूर ठेवून किरण दिले, तर ताठ साखळ्या सैल होतात, हात हाताला पोहोचतो आणि टेफ्लॉनमध्येही आडबंध पडतात. असे टेफ्लॉन नंतर किरणांना व झिजेला कितीतरी अधिक टिकते. पदार्थ तोच, किरण तोच; परिस्थिती बदलली की परिणाम उलटा. समाजशास्त्राच्या तासालाही हे उदाहरण चालावे.

आता ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्या मुद्द्याकडे येतो. साखळी तुटते तेव्हा तुकडे सर्व लांबीचे पडतात. हवेत किरण दिल्यास त्यांतील काही अगदी आखूड असतात, आणि त्यांच्या टोकाला आम्लगट असतो. आठ कार्बनांच्या अशा तुकड्याचे नाव परफ्लोरोऑक्टॅनॉइक आम्ल, व्यवहारात 'पीएफओए'. याच जातीचे संयुग टेफ्लॉन बनवताना पाण्यात भुकटी नीट पसरावी म्हणून अनेक दशके मुद्दाम वापरलेही जात होते. लांब साखळी आपल्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडते. हा आखूड तुकडा मात्र पाण्यात विरघळतो, रक्तात शिरतो आणि वर्षानुवर्षे शरीरात राहतो. मातीतील कोणताही जीवाणू त्याला सहजी खाऊ शकत नाही. त्याचे कवच तेच आहे ना! २०१९ साली स्टॉकहोम कराराने पीएफओए निर्मूलनाच्या यादीत टाकले. २०२३च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवास कर्करोगजनक ठरवले. युरोपीय संघाने किरणांनी केलेल्या टेफ्लॉनच्या पुडीत ते किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा दंडक घातला. अमेरिकेने २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा ठरवली: लिटरमागे ४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

इटलीत विचेन्झाजवळ त्रिसिनो येथे मितेनी नावाचा कारखाना होता. द्रवरूप हायड्रोजन फ्लोराइडमध्ये सेंद्रिय द्रव्य घालून त्यातून वीज सोडायची आणि प्रत्येक हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन आणायचा, ही म्वासाँच्या कुळातली पद्धत तेथे चाले. त्याच्या सांडपाण्याने भूजल दूषित झाले आणि सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. २०१८मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. तेथील आयांनी आपल्या मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे अंगावरच्या सदऱ्यांवर लिहून मोर्चे काढले. विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना कारावासाची शिक्षा सुनावली, ती तारीख २६ जून २०२५. फ्लोरिन मोकळा झाल्याला त्या दिवशी बरोबर १३९ वर्षे झाली होती.

मितेनीची यंत्रसामग्री २०१९ साली लिलावात लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली गेली. येथे मला नीट बोलायला हवे. यंत्र स्वतः दोषी नसते, आणि इटलीत जे झाले ते येथे होते आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही पुराव्याविना मला नाही. फ्लोरिनयुक्त औषधे, शेतीची रसायने यांची गरजही खरी आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढे म्हणेन की त्रिसिनोमध्ये प्रश्न आधी निर्माण झाला आणि मोजमाप कित्येक वर्षांनी आले. भारताने २०२०मध्ये स्टॉकहोम करारातील आणखी सात रसायनांना मान्यता दिली; त्यांत पीएफओए नव्हते. मोजमापाची व्यवस्था आधी उभी करणे, खाडीचे व विहिरींचे पाणी नियमित तपासून आकडे गावकऱ्यांसमोर मांडणे, याला कारखान्याच्या बाजूच्या माणसानेही हरकत घेऊ नये. प्लंकेटने नळकांड्याचे वजन करून पाहिले, त्यातलीच ही गोष्ट.

पालकांपैकी कोणी विचारतील, मग तव्याचे काय? चांगल्या स्थितीतला तवा मध्यम आचेवर वापरण्यात भीतीचे कारण नाही. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरून जाऊ नये, एवढे पुरे. ३५० अंशांच्या पुढे लेप विघटित होऊ लागतो आणि त्याचा धूर श्वासात जाणे वाईट. पक्षी तर त्याने चटकन मरतात. ज्वारीच्या भाकरीला लोखंडी तवाच बरा, हे माझे मत. त्याचा रसायनशास्त्राशी संबंध नाही.

आठवीतल्या त्या मुलाला मी हे सारे दोन-तीन संध्याकाळच्या अभ्यासिकेत थोडेथोडे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो, तर प्लंबरने टाकलेले पट्टीचे तुकडे तो वाळलेल्या पाल्यातून वेचत होता. पाला रविवारी जाळायचा होता. तुकडे त्याने एका रिकाम्या डबीत भरले आणि डबीवर पेन्सिलीने तारीख लिहिली.